चाकांवरचं घर घेऊन सागरेश्वरला

सहलीचा विषय निघाला की आपल्याकडच्या बहुतेक घरांत एक वाक्य ठरलेलं असतं. मराठी घरात ते ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते’ असं येतं. आमच्या घरात ते कानडीत येतं, ‘ना मनी नोडकोतीनि, नीव होगि बर्री.’ म्हणणारी व्यक्ती बहुधा सत्तरी ओलांडलेली असते. तिला घर सांभाळायची मोठी हौस असते असं मुळीच नाही. गुडघे दुखतात, तासन् तास पाय खाली सोडून बसलं की पावलं सुजतात. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी, की ती चारचौघांत बोलून दाखवता येत नाही. वाटेत लघवीला जायचं कुठे?

माझ्या सासूबाईंचं वय ७८. प्रवास ठरला की त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतात. आपल्या भागातल्या कितीतरी बायका, अगदी माझ्या वयाच्या नोकरदार बायकासुद्धा, हेच करतात. पाणी कमी प्यायलं की थकवा येतो, चक्कर येते, मूत्रमार्गाच्या संसर्गाची भीती वाढते. डॉक्टर सांगून थकले. पण बसस्टँडवरचं स्वच्छतागृह एकदा पाहिलं, की डॉक्टरांचा सल्ला तिथेच संपतो! म्हणून येत्या जानेवारीतल्या आमच्या सहलीची आखणी आम्ही उलट्या टोकाने सुरू केली. एरवी आधी ठिकाण ठरतं, मग गाडी आणि शेवटी कोण येणार ते. या वेळी आधी सासूबाई, मग गाडी आणि शेवटी ठिकाण. या आखणीत जे कळलं ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडावं, म्हणून हा लेखप्रपंच.

दोन सीमांवरची माणसं

सहलीचं निमित्त आहे माझ्या नणंदबाई. लग्न होऊन त्या गेल्या थेट मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याजवळच्या तिगावला. नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावरचं हे गाव. पांढुर्णा म्हटलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार अनेकांना आठवेल. पांढुर्णा आणि सौसर हा सगळा पट्टा संत्र्याचा आणि मराठी बोलणाऱ्यांचा. पूर्वी तो छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

गंमत पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आपलं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी नागपूर मुंबई राज्याला जोडलं गेलं आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याआधी तिगावकरांची राजधानी नागपूर होती, दुसऱ्या दिवसापासून ती भोपाळ झाली. म्हणजे एकाच तारखेने आम्हां दोन्ही घरांना सीमेवरची माणसं केलं. नणंदबाईंच्या मराठीत आता हिंदी मिसळली आहे, आमच्या मराठीत कानडी आहेच. त्यांचा मुलगा फोनवर ‘मामी, तुम्ही कब येणार?’ म्हणतो, आणि आमची मुलगी त्याला ‘ऊट आयता?’ विचारून गोंधळात टाकते.

नणंदबाई दोन वर्षांतून एकदा माहेरी येतात. आल्या की चारांपैकी तीन दिवस स्वयंपाकघरात आणि भेटायला येणाऱ्यांच्या सरबराईत जातात. उरलेल्या दिवशी बांधाबांध. मायलेकींचं बोलणं होतं ते भाजी निवडताना किंवा रात्री सगळे झोपल्यावर, कुजबुजत. गेल्या खेपेला निघताना सासूबाई त्यांना म्हणाल्या, ‘पुढच्या वेळेला घरात नको. कुठेतरी झाडाखाली बसून बोलू.’ आयुष्यात फारसं काही न मागणाऱ्या माणसाने एवढं मागितलं, तर ते जमवायलाच हवं, असं आम्ही नवराबायकोंनी ठरवलं.

मोठं जंगल की लहान रान?

पहिला विचार साहजिकच तिगावचा झाला. सासूबाईंना लेकीचं घर दाखवू, तिथून पेंचचं जंगलही करू. पेंच १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९२ साली व्याघ्र प्रकल्प. त्याचा काही भाग छिंदवाडा जिल्ह्यात येतो. पण बेळगाव ते तिगाव हे अंतर नऊशे किलोमीटरच्या घरात. सासूबाईंच्या वेगाने जायचं तर जायला तीन दिवस आणि यायला तीन दिवस. शिवाय व्याघ्र प्रकल्पातली सफारी म्हणजे पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीत चढायचं, तीनचार तास हादरे खायचे, आणि वाघाच्या राज्यात वाटेल तिथे खाली उतरायचं नाही. तरुणांना त्यात मौज आहे. ७८ वर्षांच्या गुडघ्यांना ती शिक्षा आहे. आपल्या जवळच्या काळी व्याघ्र प्रकल्पाचा विचारही याच कारणाने मागे पडला.

मग आम्ही एका कागदावर गरजा लिहिल्या. एका दिवसात, उजेडात पोचता आलं पाहिजे. रान लहान हवं, म्हणजे ‘सगळं बघायचं राहिलं’ ही रुखरुख नको. झाडाखाली बसायला जागा हवी. चालवत नाही त्याला सुद्धा काहीतरी बघायला मिळायला हवं. जवळपास गाव, डॉक्टर आणि रेल्वे स्टेशन हवं, कारण नणंदबाई रेल्वेने येणार. ही यादी हातात घेऊन नकाशावर बोट फिरवलं, ते सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरवर थांबलं.

सागरेश्वर अभयारण्य केवळ १०.८७ चौरस किलोमीटरचं आहे. पेंच, काळी किंवा राधानगरीच्या मानाने हा अगदी परसबागेएवढा तुकडा. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या सीमेवरच्या डोंगरावर ते आहे. एका बाजूला देवराष्ट्रे, दुसऱ्या बाजूला ताकारी. चितळ, सांबर, काळवीट, भेकर, मोर आणि रानडुक्कर ही तिथली मंडळी. वाघ नाही, आणि आमच्या दृष्टीने ही मोठीच सोय. वाघ असला की माणसं वाघ दिसला की नाही एवढंच मोजतात. नसला की हरणाकडे, पाखराकडे आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे लक्ष जातं.

या रानाची खरी ओळख वेगळीच आहे. ते माणसांनी उभं केलेलं आहे. एकेकाळी हे डोंगर बोडके होते. वृक्षमित्र म्हणून ओळखले जाणारे धों. म. मोहिते यांनी या उजाड डोंगरांवर जंगल उभं राहावं म्हणून ध्यास घेतला. झाडं लावली गेली, कुंपण झालं, हरणं बाहेरून आणून सोडली गेली, आणि १९८५ साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. या डोंगरात बारमाही पाणी नाही, त्यामुळे प्राण्यांसाठी पाणवठे माणसांनाच भरते ठेवावे लागतात. ‘जंगल म्हणजे जिथे माणूस नाही ती जागा’ अशी आपली समजूत असते. सागरेश्वरला माणसाने हात आखडता घेतला तर जंगलच सुकेल. म्हाताऱ्या माणसांबद्दलही हेच म्हणता येईल की!

बेळगावचं आणि या मुलखाचं नातं

आपल्या वाचकांना या भागाशी जवळीक वाटावी असं आणखी एक कारण आहे. अभयारण्याजवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, १८६९ साली गुर्लहोसूरला जन्मलेले. बेळगावात त्यांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगराचा कारखाना काढला. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली, आणि पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिकं आधी इथूनच निघत.

सासूबाईंचं माहेर अथणी तालुक्यातलं. त्यांच्या वडिलांकडे किर्लोस्करी नांगर होता. ‘तो आला तेव्हा बघायला गाव जमलं होतं,’ असं त्या सांगतात. त्यामुळे सागरेश्वरचं नाव काढल्यावर त्यांनी मान हलवली नव्हती, पण किर्लोस्करवाडीचं नाव काढताच विचारलं, ‘ते वाटेवर आहे का?’ आमची निम्मी लढाई तिथेच जिंकली.

मुलांसाठीही वाटेवर पुष्कळ आहे. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, १२ मार्च १९१३ रोजी ते तिथे जन्मले. कुंडल हे १९४२ नंतरच्या सातारच्या प्रतिसरकारचं महत्त्वाचं केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड ही नावं पाठ्यपुस्तकात वाचलेल्या मुलांनी ती गावं एकदा डोळ्यांनी बघावीत.

गाडी कशी निवडायची?

परदेशात असलेले आपले नातेवाईक ‘आरव्ही’ घेऊन फिरायला गेल्याचे फोटो पाठवतात. आपल्याकडे तिला कॅराव्हान किंवा कॅम्पर व्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून हा शब्द वर्तमानपत्रांत बराच दिसू लागला. खरं तर कल्पना आपल्याला नवी नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायक्काला आपले आजेपणजे बैलगाडीनेच जात. गाडीवर कमान, आत कडबा आणि त्यावर घोंगडी, मागे पाण्याची घागर, पिठाचा डबा, तवा. झाड दिसलं की मुक्काम. म्हातारी माणसं त्या गाडीत हक्काने असत, कारण गाडी त्यांच्या वेगाने चालत असे. गाड्या वेगवान झाल्या आणि म्हातारी माणसं घरी राहू लागली.

अशा गाड्या आपल्या गावात सहसा मिळत नाहीत. पुणे, बंगळूर किंवा गोव्याहून मागवाव्या लागतात. चौकशी करताना भाड्याच्या आकड्यावर भुलू नका. दिवसाला किती किलोमीटर धरलेत, गाडी तिच्या गावाहून येण्याजाण्याचे किलोमीटर कोणाच्या अंगावर, चालकाचा भत्ता, टोल, दुसऱ्या राज्याचा परवाना आणि शेवटी साफसफाईचा आकार, हे सगळं कागदावर लिहून घ्या. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची आणि दोन्ही राज्यांत चालेल अशा पर्यटक परवान्याची हवी. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची सजवलेली गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला, तर विमा मिळताना अडचण येऊ शकते. आणि आपल्याच जुन्या गाडीत सुताराकडून पलंग ठोकून घ्यायचा विचार असेल तर थांबा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरबदल करता येत नाहीत, आरटीओची मंजुरी लागते.

आमची सगळी चौकशी एका प्रश्नाभोवती फिरत होती, तो म्हणजे शौचालयाचा. एका गाडीवाल्याने फोनवर सांगितलं, ‘शौचालय आहे मॅडम, पण शक्यतो वापरू नका.’ मी म्हटलं, ‘अहो, त्यासाठीच तर गाडी घेतोय!’ अशी उत्तरं आणखीही मिळाली. मैला साफ करायचं काम नको म्हणून बरेचजण ती खोली सामान ठेवायला वापरतात. तेव्हा ‘वापरता येईल का, आणि रिकामं कोण करणार?’ हे आधीच स्पष्ट विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

बहुतेक गाड्यांत बसायच्या भांड्याखाली काढता येणारी बंद टाकी असते. तिच्यात वास मारणारं औषध घालतात. टाकी भरली की ती बाहेर काढून नेहमीच्या शौचालयात ओतायची, नंतर पाण्याने विसळायची. ओढ्यात, शेतात किंवा रानाच्या कडेला ती कधीही ओतायची नाही. त्या औषधाने माती आणि पाणी दोन्ही नासतं.

गाडी बघायला गेलो तेव्हा आम्ही मोजपट्टी घेऊन गेलो होतो. पहिली पायरी जमिनीपासून दीड फूट उंच निघाली. सासूबाईंचा गुडघा तेवढा वळत नाही. आता आमच्या सुताराने खाली रबर लावलेला, सात इंच उंचीचा रुंद चौरंग करून दिला आहे. दाराशी धरायला दांडा आहे की नाही, शौचालयात बसता-उठताना हात टेकायला काही आहे की नाही, दार बाहेर उघडतं की आत, हेही बघून घ्या. आत पडलेलं माणूस आत उघडणाऱ्या दाराने अडकतं.

आणखी एक मोह टाळायला हवा. पलंग आहे म्हणून चालत्या गाडीत आजीला झोपवायचं नाही. ब्रेक लागला की झोपलेलं माणूस चेंडूसारखं फेकलं जातं. आरसी बुकावर जितकी आसनं, तितकीच माणसं आणि प्रत्येकाला पट्टा. आम्ही पाय वर घेता येईल असं एक आसन असलेली गाडी पसंत केली. तासाभराने थांबायचं, पलंगावर पंधरा मिनिटं आडवं व्हायचं, मग पुढे. सासूबाईंनी याला आपलं ब्रीदवाक्य दिलं आहे, ‘सावकाश होगोणु.’ सावकाश हा शब्द मराठीचा की आमच्या उत्तर कर्नाटकातल्या कानडीचा, यावर घरात वाद आहे. अर्थाबद्दल मात्र दोन्ही भाषांचं एकमत आहे.

तारीख, वाट आणि ऊस

तारीख ठरवताना तीन पंचांगं जुळवावी लागली. एक तिगावच्या संत्र्याचं. तिकडे अंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर उतरतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. नणंदबाईंना बागेतून उसंत मिळते ती मधल्या जानेवारीत. दुसरं माझ्या कॉलेजचं. तिसरं रानाचं. उन्हाळ्यात सागरेश्वर तापतं, श्रावणात देवळाला गर्दी असते. जानेवारीत हवा गार आणि रस्ते कोरडे. म्हणून संक्रांतीच्या आतले तीन दिवस धरले. तिळगूळ आणि एळ्ळुबेल्ल दोन्ही बरोबर नेता येतील.

पण जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. इस्लामपूर (आता ईश्वरपूर) ते ताकारी, पलूस, कुंडल या सगळ्या पट्ट्यात दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्याने चालत असतात. अंधारात त्यांच्या मागे लाल दिवा असेलच याची खात्री नाही. म्हणून नियम केला आहे, सूर्य मावळायच्या आत गाडी मुक्कामी. गाडी उंच असल्याने आणखी एक काळजी, ती म्हणजे गावातल्या लोंबत्या वायरी आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या. चालकाला गाडीची उंची फुटांत पाठ हवी, आणि अरुंद गल्लीत शिरण्याआधी कुणीतरी उतरून पुढे चालायला हवं.

वाट अशी: बेळगावहून सकाळी नाश्ता करून आठला निघायचं. राष्ट्रीय महामार्गाने निपाणी, कोल्हापूर, मग पेठ नाक्याला उजवीकडे वळून इस्लामपूर आणि ताकारी. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. जवान पोरं हे तीन-साडेतीन तासांत करतील. आम्ही सहा तास धरले आहेत. पहिल्या दिवशी मात्र आम्ही कोल्हापूरहून सांगलीला वळणार, कारण नणंदबाई आणि भाचा नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने सांगलीला उतरणार आहेत. त्यांना घेऊन पलूसच्या वाटेने मुक्कामी जायचं. परतीला पेठ नाक्याची वाट.

मुक्काम कुठे? रस्त्याकडेला किंवा रानाच्या कडेला गाडी लावून झोपायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, आणि अनोळखी जागी रात्री गाडी दिसली की गावकऱ्यांनाही शंका येते. माझ्या एका सहकाऱ्याचं घर पलूस तालुक्यात आहे. त्यांच्या अंगणात गाडी उभी राहील, विजेची एक वायर बाहेर येईल, आणि टाकी रिकामी करायला त्यांचं शौचालय वापरायची परवानगी आधीच घेतली आहे. गाडीत फक्त मायलेकी झोपतील. बाकीचे आम्ही ओसरीवर. सगळ्यांनी गाडीतच झोपायचा हट्ट सोडला की लहान, स्वस्त आणि अरुंद रस्त्यात वळणारी गाडी पुरते. ज्यांची ओळख नाही त्यांनी पलूस, इस्लामपूरसारख्या गावातल्या एखाद्या लॉजच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात रीतसर विचारून गाडी लावावी.

रानात शिरताना

चाकांवरचं घर रानाच्या दाराबाहेरच ठेवायचं, असं आम्ही ठरवलं आहे. अभयारण्यात प्रवेश वन खात्याच्या परवानगीने आणि त्यांनी ठरवलेल्या वेळेत. निघण्याच्या आदल्या आठवड्यात खात्याशी बोलून वेळ, शुल्क आणि आत काय चालतं ते विचारून घ्यावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात आग लावणं, पेटती ठेवणं हा गुन्हा आहे. कोरड्या जानेवारीत एक ठिणगी चाळीस-पन्नास वर्षांची मेहनत खाऊन टाकेल. नणंदबाईंना तिकडचे पानगे आणि रोडगे गोवऱ्यांच्या आरावर करून सगळ्यांना घालायचे आहेत. ते होतील, पण मुक्कामाच्या अंगणात. रानात जाईल ती कोरडी शिदोरी: ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि तिगावची संत्री. सालंसुद्धा पिशवीत परत आणायची. गाण्याचा कर्णा नाही, हरणांना खाऊ नाही.

चढायचं काम भाच्याला, मुलीला आणि तिच्या बाबांना. किर्लोस्कर पॉइंटवरून खाली कृष्णाकाठचा हिरवा उसाचा पट्टा दिसतो. बोडक्या डोंगरावर उभं केलेलं रान पायांखाली आणि पाण्याने श्रीमंत झालेला मळा समोर, असं दोन्ही एका नजरेत बघायला मिळतं. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी सागरेश्वराचं देऊळ आहे. मुख्य देवळाभोवती लहान लहान देवळांचा मेळाच आहे, ती चालुक्यांच्या काळातली मानतात. तिथे सावली आहे, बसायला दगड आहे. सासूबाई आणि नणंदबाई त्या दोन तासांत तिथेच बसतील. मी काय करणार? मी गाडीत बसून पेपर तपासणार. मायलेकींच्या मध्ये सुनेने बसू नये, एवढं कळतं.

पाण्याचा हिशेब आमच्या मुलीने वहीत मांडला आहे. चालक धरून सात माणसं, प्रत्येकी तीन लिटर प्यायला म्हणजे दिवसाला एकवीस लिटर. हे पाणी वेगळ्या कॅनमध्ये. हातपाय, भांडी आणि शौचालयासाठी गाडीची टाकी. भांडी घासल्याचं साबणाचं पाणी खालच्या टाकीत साठतं, तेही मुक्कामीच सोडायचं. सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलायची का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर घेतलं आहे. त्या वहीत मुलीने एक ओळ लाल शाईने लिहिली आहे: ‘अज्जीने दर तासाला पाणी प्यायचं.’ त्यावर अज्जींची सही आहे, कानडीत.

खर्चाबद्दल विचाराल तर हॉटेलच्या दोन खोल्या आणि साधी गाडी यापेक्षा हे महाग पडतं. ते लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना अशी गाडी परवडत नाही त्यांच्यासाठीही एक तोड आहे. घडीची, बसायची उंच खुर्ची आणि तिच्याखाली पिशवी लावता येणारं भांडं औषधाच्या मोठ्या दुकानांत मिळतं. सोबत उभा करायचा लहान तंबू घेतला तर साध्या जीपनेही हाच प्रवास करता येईल. गाडीचा थाट दुय्यम आहे. घरातल्या ज्या माणसाची अडचण सगळ्यांना ठाऊक असते पण कुणी विचारत नाही, त्याला ती एकदा सरळ विचारायची, आणि तिथून आखणी सुरू करायची.

आमच्या घरात ते विचारायला बरीच वर्षं गेली. विचारल्यावर सासूबाईंना उत्तर द्यायला एक मिनिट लागलं नाही. आता त्यांनी पिशवी भरायला घेतली आहे. त्यात लेकीसाठी दोन इरकली लुगडी आहेत, नातवासाठी कुंदा आहे आणि वरती पाण्याची बाटली आहे, भरलेली.